दोघांपुरता मीटलोफ

पानगळ (धागाकर्ती)

लेक ऑगस्टमध्ये कॉलेजला गेली. चार महिने झाले, पण माझा हात अजून तिघांचंच रांधतो. भाताचं माप कसंबसं आवरलं, पोळ्याही मोजून लाटते. मीटलोफ, म्हणजे ओव्हनमध्ये भाजलेली खिम्याची ढेप, मात्र ऐकेना. ज्या त्या पाककृतीत दोन पौंड खिमा आणि "आठ जणांसाठी". आम्ही दोघं तो पाच दिवस पुरवून खाणार, आणि सहाव्या दिवशी एकमेकांचं तोंड बघणार.

आम्ही क्लीव्हलंडजवळ राहतो. डिसेंबरात पाचला काळोख, वर ईरी सरोवरावरून येणारा बर्फ. अशा संध्याकाळी ओव्हन लागलेला असला की निम्मं जेवण तिथेच झाल्यासारखं वाटतं. मीटलोफची ओळख शेजारच्या आजींमुळे. २००९ साली माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, त्या संध्याकाळी त्या फॉइलने झाकलेलं भांडं घेऊन दारात उभ्या. आत मीटलोफ, शेजारी कुस्करलेला बटाटा. पित्ताशय काढलेल्या बाईला हे द्यावं का, हा प्रश्न कुणालाच पडला नाही. नवऱ्याने आणि तेव्हा तीन वर्षांच्या लेकीने ताव मारला, मी मऊ भातावर होते. चौथ्या दिवशी चोरून एक गार तुकडा खाल्ला आणि झालं, तेव्हापासून आमच्याकडे तो घरचाच.

पहिल्यांदा मी सगळं सरळ निम्मं केलं आणि नेहमीच्या ९ बाय ५ इंचाच्या भांड्यात घातलं. ढोकळ्यासारखा बसका झाला, कडेने कोरडा ठक्क. आता भांडंच वापरत नाही. जमलेलं माप देते. दोघांचं रात्रीचं जेवण आणि दुसऱ्या दिवशीची दोन सँडविचेस होतात.

टर्कीचा खिमा १ पौंड, म्हणजे साधारण ४५० ग्रॅम. "९९ टक्के फॅट फ्री" लिहिलेला आणू नका, पुठ्ठा होतो. ८५ टक्केवाला घ्या. ब्रेडची एक स्लाइस कडांसकट तोडून पाव कप दुधात दहा मिनिटं भिजवायची आणि बोटांनी पार लगदा करायचा. एक लहान कांदा अगदी बारीक चिरून, दोन लसूणपाकळ्यांसह लोण्यात मऊ परतून गार करायचा. कच्चा घालू नका, खिमा शिजतो तरी कांदा करकरीत राहतो. एक अंडं, दोन चमचे वूस्टर सॉस, पाऊण चमचा मीठ, मिरपूड, मूठभर पार्सली नाहीतर कोथिंबीर. कोथिंबीर आजींना चालत नाही, मला चालते.

सगळं हलक्या हाताने एकत्र करायचं, कणीक तिंबतो तसं नाही. ट्रेवर कागद घालून त्यावर ७ बाय ४ इंचाची लांबट ढेप थापायची. पाव कप केचप, एक मोठा चमचा ब्राऊन शुगर, एक छोटा चमचा व्हिनेगर एकत्र करून निम्मं वरून फासायचं. ३५० फॅरनहाइटवर ३५ मिनिटं. मग उरलेलं फासून आणखी दहा-पंधरा मिनिटं. बाहेर काढल्यावर दहा मिनिटं हात लावायचा नाही. नाहीतर सगळा रस पाटावर आणि कोरडा तुकडा ताटात.

आता प्रश्न. ब्रेडऐवजी कुणी दुसरं काही वापरता का? आणि भारतात हे कुणी केलंय का, कोणत्या खिम्याचं?

खडीसाखर

तोंपासु (तोंडाला पाणी सुटलं)! पण फोटो कुठाय?

पानगळ

फोटो काढेपर्यंत नवऱ्याने टोक खाल्लेलं होतं. पुढच्या वेळी नक्की.

रिकामटेकडा

मूलभूत शंका. तो मीटलोफ, ती मीटलोफ की ते मीटलोफ?

तिरफळ

आणि मराठी नाव काय? "खिम्याची लादी" कसं वाटतं? पावाची असते तशी.

रिकामटेकडा

लादी म्हटलं की मला फरशी पुसायची आठवण येते. "खिम्याची वडी" म्हणा. कोथिंबीर वडीची थोरली बहीण.

उकडपेंडी

वडी म्हणालात ते बरं केलंत, कारण मी तो खरंच वडीसारखाच करते. पुण्यात भाड्याच्या घरात आहे, ओव्हन नाही. कोथिंबीर वडीला करतो तेच करायचं. डब्याला तूप लावून मिश्रण दाबून बसवायचं, वर फॉइल घट्ट, कुकरची शिट्टी काढून ३५ मिनिटं वाफवायचं. डबा उथळ हवा, उंच डब्यात मध्ये कच्चा राहतो. पूर्ण गार झाला की काढायचा, तासभर फ्रीजमध्ये ठेवायचा, मग बोटभर जाडीचे काप करून तव्यावर लोण्यात दोन्ही बाजूंनी लाल करायचे. केचपचा लेप तव्यावरच शेवटी घालते, दोन मिनिटांत चिकट चकाकी येते. ओव्हनमधल्यासारखी वरची साल नाही मिळत, पण प्रत्येक कापाला दोन खरपूस बाजू मिळतात. तोट्याचा सौदा नाही.

खिमा मटणाचा. आमच्याकडे मटण म्हणजे बकरं, त्यात चरबी बेताची. खाटकाला सांगते, थोडी चरबी घालून दोनदा मशीनमधून काढ. एकदाच काढलेला खिमा पावाबरोबर नीट मिळून येत नाही, काप करताना भुगा होतो.

आणि ब्रेडऐवजी थालीपिठाची भाजणी! ४५० ग्रॅमला दोन मोठे चमचे. ती पाणी फार ओढते, म्हणून दूध जरा वाढवायचं आणि पाच मिनिटं थांबायचं. धन्या-जिऱ्याचा भाजका वास येतो तो बोनस.

पानगळ

भाजणी!! डब्यात पडून आहे, सासूबाईंनी दिलेली. कुठे सुचलंच नाही.

प्रयोगवही

ब्रेडबद्दल थोडं लांबण लावतो, कारण इथेच बहुतेकांचं बिघडतं.

खिमा तापला की त्यातली प्रथिनं आकसतात, एकमेकांना घट्ट धरतात आणि पाणी पिळून बाहेर टाकतात. दुधात भिजलेल्या ब्रेडमधला स्टार्च मध्ये येतो. तो पाणी धरून ठेवतो आणि प्रथिनांची वीण सैल राखतो. म्हणून कोरडा ब्रेडचा चुरा नुसता घातला तर तो उलट खिम्यातलंच पाणी पितो. आधी भिजवायचा तो याच कारणाने.

दुसरं, मीठ. खिम्यात मीठ घालून मळत बसलात की मायोसिन नावाचं प्रथिन सुटतं आणि गोळा चिकट होतो. सीख कबाबाला आपल्याला नेमकं हेच हवं असतं, नाहीतर तो सळईवरून निखाऱ्यात. म्हणून कबाबाचा खिमा तार येईपर्यंत मळतात. मीटलोफला हे नको. तसा मळलात तर शिजल्यावर सॉसेजसारखा रबरी लागतो. म्हणून मीठ, अंडं, दूध-ब्रेड, कांदा आधी एका भांड्यात कालवून घ्यायचं आणि खिमा शेवटी, बोटं पसरून, जेमतेम मिसळेपर्यंत.

भांड्याऐवजी ट्रेवर थापायचा हे पानगळ यांनी बरोबर केलंय. खोल भांड्यात तो स्वतःच्याच रसात उकडत बसतो आणि फक्त वरचा भाग खरपूस होतो. ट्रेवर चारही बाजूंना साल येते.

झणझणीत

मी कबाबवाला माणूस. इतकी वर्षं खिमा बुक्क्या मारून मळत होतो आणि बायको म्हणायची तुझा मीटलोफ चेंडूसारखा उसळतो. आज कारण कळलं. तिला हा धागा दाखवत नाहीये.

खडीसाखर

शाकाहारी पर्याय आहे का?

रिकामटेकडा

आला! पाचव्या प्रतिसादात येईल असं वाटलं होतं, जरा उशीर झाला.

उकडपेंडी

चिडवू नका तिला. खडीसाखर, शिजवलेला राजमा जाडसर कुस्करून, त्यात कोरडे होईपर्यंत परतलेले मशरूम, ओट्स आणि भाजणी. मशरूमचं पाणी पूर्ण आटलं पाहिजे, नाहीतर काप पडत नाहीत. आणि वूस्टर सॉस घालू नकोस, त्यात अँकोव्ही असतात. मांदेलीच्या भाऊबंदातले मासे.

तिरफळ

वूस्टर सॉसमध्ये चिंचही असते! लीया अँड पेरिन्सच्या बाटलीवर वाचा, व्हिनेगर, काकवी, अँकोव्ही, चिंच. इंग्लंडातल्या वूस्टर गावचा सॉस, पण आंबट आपल्याकडचं. मग केचप-ब्राऊन शुगरऐवजी सरळ चिंच-गूळ का नाही? घट्ट कोळ, तितकाच गूळ, थोडं लाल तिखट. आटवून काकवीइतकं दाट करायचं.

मी गोव्याची. आमच्याकडे खिमा आणि बटाटा एकत्र येतात ते चॉपमध्ये. उकडून कुस्करलेल्या बटाट्याची पारी, आत खिमा, रव्यात घोळवून तळायचा. तुम्ही खिम्याशेजारी बटाटा वाढता, आम्ही खिम्यालाच बटाट्यात गुंडाळतो. पावसात संध्याकाळी दोन चॉप आणि चहा मिळाला की माझंही निम्मं जेवण झालेलं असतं.

निळी_छत्री

मी जर्मनीत, श्टुटगार्टला. इथे हाच प्रकार "फाल्शर हाझं" नावाने करतात, म्हणजे खोटा ससा. खिम्याच्या ढेपेत मधोमध अख्खी उकडलेली अंडी ओळीने पुरतात. कापलं की प्रत्येक तुकड्यात पिवळा डोळा. ससा परवडत नसे तेव्हा खिम्याला सशाचं सोंग, असं इथले लोक सांगतात. माझ्या सासूबाई (जर्मन) ब्रेडऐवजी शिळा ब्रोट्शन (इथला छोटा पाव) भिजवतात आणि मोहरीची पेस्ट घालतात. केचप फासलेलं पाहिलं तर त्या मला घरात घेणार नाहीत.

झणझणीत

अहो हा तर लांबवलेला नर्गिसी कोफ्ता!

करडई

जोहान्सबर्गहून हजेरी. आमच्याकडे बोबोटी. केपटाऊनच्या मलाय लोकांचा पदार्थ म्हणून ओळखतात, आता सगळेच करतात. दुधात भिजवलेला ब्रेड इथेही आहे बरं का! पण खिमा आधी कांदा, करी पावडर आणि हळदीबरोबर परतून घेतात, त्यात मनुका आणि जर्दाळूचा जॅम. मग भांड्यात दाबून वर अंडं-दुधाचं मिश्रण ओततात, तमालपत्रं खोचतात आणि भाजतात. वर कस्टर्डसारखा थर येतो. सोबत हळद-मनुका घातलेला पिवळा भात. पहिल्यांदा खाल्ला तेव्हा वाटलं, कुणीतरी आपला खिमा लहानपणी पळवून नेऊन परदेशात वाढवलाय.

रिकामटेकडा

करडई, शेवटचं वाक्य वहीत लिहून ठेवलं.

दगडफूल

पण हे सगळं बीफचं असतं ना मुळात? मग इथे कशाला

तिरफळ

सुरुवात झाली. धागाकर्तीने टर्की लिहिलंय, पुण्याहून बकऱ्याचं आलंय, पहिल्या पोस्टमध्ये प्रश्नही खिम्याचाच आहे. ज्याला जे चालतं त्याने ते घालावं. हा धागा स्वयंपाकघरात राहू द्या ही विनंती.

दगडफूल

बरं. मला चिकनचं माप हवं होतं खरं तर.

पानगळ

चिकनला टर्कीचंच माप. फक्त मांडीचा खिमा घ्या, नुसत्या छातीचा कोरडा होतो. दुकानदार "ब्रेस्ट चांगला" म्हणेल, ऐकू नका.

बीफबद्दल एकदाच लिहिते. आजींच्या कार्डावर बीफ आणि डुकराचं मिश्रण आहे. इथल्या दुकानांत "मीटलोफ मिक्स" म्हणून बीफ, पोर्क आणि वासराचं मांस एकत्र मिळतं. त्या म्हणायच्या की त्यांच्या आईच्या काळात, १९३० च्या मंदीत, मांस थोडं आणि ब्रेड जास्त असायचा. एका पौंडात सहा तोंडं. त्यांच्या आईने ते प्रमाण पुढे कधी बदललं नाही, बरे दिवस आल्यावरही. ब्रेडने मऊपणा येतो हे प्रयोगवहींचं शास्त्र त्या घराला असं कळलं.

ओलाकाजू

काल केला. आत गुलाबी निघाला! वेळेपेक्षा दहा मिनिटं जास्त ठेवून सुद्धा. टर्की होता, घाबरून सगळा परत ओव्हनमध्ये घातला आणि वाळवंट झालं. काय चुकलं?

प्रयोगवही

बहुधा काहीच नाही. शिजलेला खिमाही कधीकधी गुलाबी राहतो. मांसातल्या रंगद्रव्यावर आणि कांद्यासारख्या भाज्यांतल्या नायट्रेटवर ते अवलंबून असतं. उलटही होतं, तपकिरी दिसणारा खिमा आतून पुरेसा तापलेला नसतो. म्हणून रंगावर जायचं नाही, थर्मामीटर खुपसायचा. टोकाकडून आडवा, बरोबर मध्यापर्यंत. टर्की-चिकन ७४ सेल्सिअस म्हणजे १६५ फॅरनहाइट. बकरं, डुक्कर, बीफ यांचा खिमा ७१ सेल्सिअस, म्हणजे १६०. अख्ख्या मांसाचे जंतू बहुतेक पृष्ठभागावर असतात, खिमा केला की ते आतपर्यंत पोचतात. म्हणून "मीडियम रेअर" हा लाड इथे नाही.

ओलाकाजू

थर्मामीटर मागवला. वाळवंटाचं काय करू?

उकडपेंडी

कुस्करून, कांदा-टोमॅटोवर परतून, मटार घालून पावाबरोबर. तुमच्या फसलेल्या मीटलोफला खिमापाव म्हणतात. कुणाला कळणार नाही.

एकटा_जीव

नाशिकहून. मी एकटाच, आई गेल्यापासून स्वतःचं स्वतः करतो. ४५० ग्रॅमसुद्धा मला जास्त. बकऱ्याचा २५० ग्रॅम आणला तर चालेल का? आणि अर्धं अंडं कसं घालायचं? लहान ओटीजी आहे.

पानगळ

चालेल की. अर्ध्या अंड्याच्या भानगडीत पडू नका, नुसता बलक घाला. २५० ग्रॅमला तेवढा पुरतो आणि मऊपणाही येतो. पांढरा भाग सकाळी ऑम्लेटमध्ये जाईल. ब्रेडची अर्धी स्लाइस, दोन मोठे चमचे दूध, मीठ अर्ध्या चमच्याला जरासं कमी.

प्रयोगवही

ओटीजीत वरचा रॉड जवळ असतो, केचपमधली साखर करपते. १८० ला ठेवा, खालच्या खाचेत, आणि लेप शेवटच्या दहा मिनिटांतच लावा. मफिनचा साचा असेल तर सगळ्यांत सोपं, तीन-चार मुटके करा, वीस-पंचवीस मिनिटांत होतील. ते सुटे सुटे फ्रीझही करता येतात.

एकटा_जीव

आई खिम्याच्या मुटक्यांची आमटी करायची. साचा आहे, तिचाच, कपकेकचा. शनिवारी बघतो.

पानगळ

अपडेट. रविवारी उकडपेंडीची भाजणी आणि तिरफळचा चिंच-गूळ, दोन्ही एकदम केलं. भाजणी दोन चमचे, दूध जवळजवळ अर्धा कप लागलं. चिंच-गूळ पहिल्यांदाच फासला तर गूळ खाली ओघळून कागदावर जळला, स्वयंपाकघरात धूर. पंख्याखाली टॉवेल हलवत उभी होते. तर तो लेप शेवटच्या आठ मिनिटांत लावायचा आणि आधी चांगला दाट करायचा. चव मात्र अशी की केचप आता फ्रेंच फ्राइजपुरतंच.

शेजारच्या आजी आता ८८ वर्षांच्या आहेत, ओव्हन वापरत नाहीत, मुलाने बंद करून ठेवलाय. त्यांना दोन तुकडे नेऊन दिले, कुस्करलेल्या बटाट्यासकट, फॉइल झाकून. एक तुकडा माझ्यासमोर खाल्ला. म्हणाल्या, हा माझा मीटलोफ नाही. मी म्हटलं नाहीच. मग दुसरा उचलला आणि विचारलं, आंबट काय घातलंस. चिंच म्हटल्यावर त्यांनी जुनं कार्ड शोधायला लावलं आणि मागच्या बाजूला माझ्याकडून स्पेलिंग विचारून लिहून घेतलं. ओव्हन बंद असताना हे कशाला, मी विचारलं नाही.

तिरफळ

🙂 पुढच्या वेळी त्यांना कोकम द्या.

निळी_छत्री

उरलेल्याचं काय केलंत?

पानगळ

गार तुकडा, ब्रेडला मेयोनीज आणि लोणच्याची काकडी, सोमवारचा डबा. खरं सांगू, मी रविवारी करते तो सोमवारसाठीच. फ्रीजमध्ये तीन-चार दिवस बरा राहतो, पण आमच्याकडे मंगळवार बघत नाही.

एकटा_जीव

ओटीजी लावलाय. चार मुटके. लेप चिंच-गुळाचा, आटवून घेतलाय. खिमा मळला नाही, शप्पथ.

झणझणीत

ताटकळत बसलोय. किती झालं?

एकटा_जीव

वीस मिनिटांनी ६३. घरभर वास सुटलाय, वरच्या मजल्यावरून विचारणा झाली.

प्रयोगवही

घाई नको. पाच मिनिटांनी परत बघा.

एकटा_जीव

७२. बंद केला. वरच्या काकूंना दोन पाठवतो, दोन मला. बसतो जेवायला.

खडीसाखर

फोटो!!